तंबोऱ्याची पांचवी तार

परळी वैजनाथासारख्या गांवीं एखाद्या जुन्या घराच्या माजघरांत, कोपऱ्याशीं टेकवून ठेविलेला, गवसणी घातलेला तंबोरा अजून कधीं कधीं दृष्टीस पडतो. घरांतील कोणा वडील माणसानें तो फार वर्षांपूर्वीं मिरजेहून आणविलेला असतो. गाणारें माणूस गेलें म्हणजे गवसणी निघत नाहीं. पुढें एके दिवशीं घरांतील मुलगी गाणें शिकूं लागते, गवसणीवरची धूळ झटकली जाते, आणि तंबोऱ्याला चारांऐवजीं पांच खुंट्या आहेत ही गोष्ट घरच्या मंडळींच्या प्रथमच लक्षांत येते. चार तारा कोणत्या सुरांत लावावयाच्या तें शिकविणाऱ्या बाई सांगतात. पांचव्या खुंटीचें काय करावयाचें, हा प्रश्न मात्र उरतो. पुष्कळदां तो असा सुटतो कीं, तिच्यावरही एक षड्जाचीच तार चढवून मोकळें व्हावें. कोठें ती खुंटी तशीच रिकामी ठेवितात. आणि हल्लीं तर मोबाइल फोनांतच तंबोरा वाजतो, तेव्हां एवढी यातायात कशाला, असें म्हणून गवसणी पुन्हां चढविली जाते.

वाद्य बनविणाऱ्या कारागिरानें ती पांचवी खुंटी शोभेसाठीं बसविलेली नसते. तिच्यावर कोणती तार चढवावी, ती कोणत्या सुरांत लावावी, याचा निर्णय घराच्या मालकानें नव्हे, तर गावयाच्या रागानें करावयाचा असतो. आणि तो निर्णय करतांना नुसता कान पुरत नाहीं. तारेची लांबी, जाडी व ताण यांचा साधा हिशेबही पाहावा लागतो. हा हिशेब शाळेच्या गणिताबाहेरचा नाहीं.

प्रथम पहिल्या चार तारांची व्यवस्था पाहूं. पहिली तार मंद्र पंचमाची. पुढच्या दोन मध्य षड्जाच्या, त्यांनाच जोडी म्हणतात. आणि शेवटची मंद्र षड्जाची, म्हणजे खर्जाची. पहिली तार मधल्या बोटानें व बाकीच्या तर्जनीनें छेडतात. जोडी पोलादी असते, खर्ज पितळी; आणि पंचमाची तार पुरुषांच्या मोठ्या तंबोऱ्यांत कित्येकदां पितळी व बायकांच्या लहान तंबोऱ्यांत बहुधा पोलादी असते. यांत कोणाची लहर नाहीं. कोणत्याही एका धातूची तार एका ठराविक लांबीवर ठराविक उंचीपलीकडे चढवितां येत नाहीं. ती जाड घेतली काय किंवा बारीक घेतली काय, तुटावयाची ती साधारणपणें त्याच सुरावर तुटते. कारण बारीक तारेला ताण कमी लागतो तसें तिचें बळही त्याच मानानें कमी असतें. पितळेची ही मर्यादा पोलादापेक्षां पुष्कळ खालीं आहे, म्हणून जोडी पितळी करीत नाहींत. उलट खर्जासाठीं पोलाद घ्यावें तर तेवढ्याच ताणावर तें जोडीच्या दुप्पट जाड घ्यावें लागेल, आणि इतकें जाड पोलाद ताठ राहून नीट गुंजत नाहीं. पितळ वजनानें अधिक व अंगानें मऊ, म्हणून तेथें तें शोभतें.

पांच तारांच्या तंबोऱ्यांत जी जास्तीची तार मिळते, तिला पांचवी म्हणणें हें केवळ मोजणीपुरतें आहे. छेडण्याच्या क्रमांत ती दुसरी येते: पहिल्या तारेनंतर आणि जोडीच्या अगोदर. तिचे पर्याय अनेक आहेत. ती निषादाला लावतां येते, मध्यमाला लावतां येते, धैवताला लावतां येते, किंवा जोडीला तिसरी सोबतीण म्हणून षड्जाला ठेवितां येते. या शेवटच्या पर्यायाचा प्रचार सर्वांत अधिक आहे, आणि तो सर्वांत आळशी आहे. दोन षड्ज एकमेकांशीं तंतोतंत मिळविणें हेंच नवशिक्याला अर्धा तास पुरतें. तिसरा मिळवीपर्यंत पहिला उतरलेला असतो. शिवाय तीन षड्जांच्या गर्दींत पंचम दबून जातो. ज्याचा हात पक्का आहे अशा गवयानें तीन षड्ज ठेविले तर ते भरदार वाटतात हें खरें. परंतु ज्या घरीं तंबोरा वर्षानुवर्षें गवसणींत होता, त्या घरीं ही श्रीमंती परवडावयाची नाहीं.

मग कोणता सूर निवडावा? याचें उत्तर तारेच्या पोटांत दडलेल्या सुरांत आहे. कोणतीही तार छेडली म्हणजे तिचा मूळ सूर तर निघतोच, पण त्याबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पांचपट कंपनांचे सूक्ष्म सूरही निघतात. चांगल्या जवारीच्या तंबोऱ्यांत खर्जाच्या तारेंतून गांधार ऐकूं येतो, ही गाणाऱ्या घरांतील नेहमींची गोष्ट आहे. तो गांधार म्हणजे खर्जाचा पांचपट सूर होय. याच रीतीनें पंचमाच्या तारेच्या तिपटींत शुद्ध ऋषभ आहे व पांचपटींत शुद्ध निषाद आहे. म्हणजे चारच तारांचा तंबोरा सुरांत लागला असेल तर त्यांतून सा, रे, ग, प, नि हे पांच सूर आधींच उमटत असतात. उरतो मध्यम आणि उरतो धैवत. रागाचा रंग पुष्कळदां या दोघांवर ठरतो, ही ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

आतां पांचवी तार निषादाला लाविली तर काय होतें? तिच्या तिपटींत तीव्र मध्यम निघतो. यमनांत हा मध्यम हवाच असतो. मारवा आणि पूरिया यांत पंचम मुळींच नाहीं आणि तीव्र मध्यम तर आहे. म्हणून हे राग गातांना पहिली तारसुद्धां पंचमावरून काढून निषादाला लावण्याची रीत आहे, आणि ती रीत ज्यांनीं पाडिली त्यांनीं पदार्थविज्ञान वाचलें नसतांही अगदीं योग्य तेंच केलें, असें हा हिशेब सांगतो. मध्यमाच्या तारेची गोष्ट निराळी. तिच्या तिपटींत षड्ज आहे व पांचपटींत शुद्ध धैवत आहे. बागेश्रीला हा धैवत मानवतो. ललितांत पंचम नसल्यामुळें तेथेंही मध्यमाचा तंबोरा चालतो. मालकंसाला मात्र खरी अडचण पडते. मालकंसांत पंचम नाहीं म्हणून तंबोरा मध्यमांत लावितात. पण त्या मध्यमांतून निघणारा शुद्ध धैवत आणि खर्जांतून निघणारा शुद्ध गांधार हे दोघेही मालकंसांत परके. ते क्षीण असतात म्हणून गवई त्यांना खपवून घेतो, इतकेंच.

नेमक्या येथें पांचव्या तारेची किंमत कळते. मालकंस गावयाचा असतां पहिली तार मध्यमाला लावावी व दुसरी कोमल धैवताला लावून पाहावी. कोमल धैवताच्या तिपटींत कोमल गांधार येतो आणि पांचपटींत षड्ज येतो. रागाला जे दोन कोमल सूर हवे तेच एका तारेंतून मिळाले, आणि परक्या सुरांवर पडदा पडला. हा प्रयोग सरसकट केला जात नाहीं. धैवताची तार जरा अधिक जोरानें छेडली गेली तर ती षड्जावर कुरघोडी करते, म्हणून हात हलका असावा लागतो. परंतु घरच्या घरीं, रात्रीच्या शांत वेळीं, एकदां तरी हा तंबोरा ऐकून पाहावा.

भीमपलासासारख्या, कोमल निषादाच्या रागांत शुद्ध निषादाची तार ठेवूं नये, हें उघड आहे. कित्येकांना वाटतें कीं, ती नुसती न छेडली म्हणजे झालें. तसें होत नाहीं. पंचमाच्या तारेंतील निषाद शेजारच्या निषादाच्या तारेला न छेडतांही जागें करितो, आणि ती मंद स्वरांत कुजबुजत राहते. अशा वेळीं ती तार उतरवून घ्यावी, किंवा घोडीच्या अलीकडे तिच्याखालीं कापडाची लहानशी घडी सरकवून तिला मुकी करावी. पंचम आणि मध्यम अशा दोन तारा शेजारीं शेजारीं ठेवण्याचाही एक प्रघात आहे. मंद्र सप्तकांत हे दोन सूर इतके जवळ आहेत कीं त्यांच्या संगतीला घरघर येते. कांहींच्या कानाला ती गोड लागते. बहुतेकांच्या लागत नाहीं.

येथपर्यंत सुराचा विचार झाला. यानंतर तारेचा विचार केला नाहीं तर वरचें सर्व व्यर्थ होतें, आणि घरोघर चूक होते ती येथेंच. एकाच तारेला पंचमावरून निषादावर चढवावयाचें म्हणजे कंपनें चाराचीं पांच करावयाचीं. परंतु ताण हा कंपनांच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. पांचाचा वर्ग पंचवीस आणि चाराचा वर्ग सोळा. म्हणजे ताण सोळाचा पंचवीस झाला, दीडपटीहूनही अधिक. मध्यमावरून निषादापर्यंत तीच तार नेली तर ताण जवळ जवळ दुप्पट होतो. उलट पंचमावरून मध्यमावर उतरविली तर ताण एक पंचमांशानें कमी होतो. आंकड्यांत सांगावयाचें तर, मर्दानी तंबोऱ्याची कंपणारी तार एक मीटर धरली, सूर काळी एक धरला आणि पंचमाची पोलादी तार ३० नंबरची घेतली, तर तिच्यावर सुमारें पावणेतीन किलोचा भार असतो. तीच निषादाला नेली कीं सव्वाचार किलो होतो. चांगली पोलादी तार एवढ्यानें तुटत नाहीं. परंतु ती कर्कश होते, खुंटी सुटूं पाहते, आणि मुख्य म्हणजे जवारी बिघडते. पितळी तार असेल व ती जुनी असेल तर तुटण्याचाही संभव आहे.

उपाय एकच: सुराप्रमाणें तारेची जाडी बदलावी. तारांच्या दुकानांत नंबर जितका मोठा तितकी तार बारीक. ३० नंबरच्या तारेची जाडी एका इंचाच्या दहा हजार भागांपैकीं १२४ भाग असते. ताण तोच ठेवून निषाद मिळवावयाचा तर जाडी चारपंचमांश करावी लागते, म्हणजे ९९ भाग. आणि ३३ नंबरची तार १०० भागांची असते. हाच हिशेब २८ नंबरपासून केला तर ३१ येतो, २९ पासून ३२, आणि ३१ पासून ३४. म्हणून सुटसुटीत नियम असा सांगतां येतो कीं, पंचमाच्या तारेपेक्षां निषादाची तार तीन नंबरांनीं बारीक घ्यावी. मध्यमासाठीं पंचमाच्या तारेपेक्षां एक नंबर जाड घ्यावी, म्हणजे ती ढिली पडून फडफडत नाहीं. हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. बाजारांत तंबोऱ्याच्या तारांचा तयार संच मिळतो, परंतु तो चार तारांच्या नेहमींच्या लावणीसाठीं असतो. पांचव्या तारेसाठीं सुटी तार मागून घ्यावी लागते.

जवारीचा उल्लेख वर आला. तंबोऱ्याचें सर्वस्व तिच्यांत आहे. सतारीप्रमाणें तंबोऱ्याची घोडी वरून सपाट व रुंद दिसते. पण ती खरोखरी सपाट नसते. तिच्या पृष्ठभागाला अत्यंत सूक्ष्म उतार दिलेला असतो, आणि तार त्या उतारावर टेकत टेकत कंप पावते. तार व घोडी यांच्यामध्यें सुताचा एक धागा सरकविला म्हणजे तार ज्या जागीं घोडीला शिवते ती जागा बदलते आणि सूर एकदम उमलतो. हा धागा केसाएवढा पुढें-मागें झाला तरी गुंजन नाहींसें होतें. कलकत्त्याला चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९२१ सालीं तंबोरा व वीणा यांच्या घोडीवर एक निबंध प्रसिद्ध केला. तार ज्या बिंदूवर छेडली असतां एखादा उपसूर मुळींच निघूं नये असा शास्त्राचा नियम, त्याच बिंदूवर तंबोऱ्याची तार छेडली तरी तो उपसूर स्पष्टपणें निघतो, असें त्यांनीं दाखवून दिलें. रामन यांना नोबेल पारितोषिक मिळालें तें १९३० सालीं आणि निराळ्या शोधासाठीं. परंतु आपल्याकडील कारागिरांनीं कानानें शोधून काढलेली ही युक्ति त्यांच्या नजरेंतून सुटली नव्हती.

आतां हें ध्यानांत येईल कीं, जवारी एका विशिष्ट ताणासाठीं काढलेली असते. तार चढविली किंवा उतरविली कीं ती घोडीवर निराळ्या रीतीनें बसते. म्हणून पहिली तार पंचमावरून मध्यमाला आणली कीं सुताचा धागाही थोडा सरकवावा लागतो. पांचव्या तारेच्या बाबतींत हें अधिक खरें, कारण तिचा सूर वारंवार बदलावयाचा असतो.

ही विद्या महाराष्ट्रांत ज्या गांवीं वाढली तें मिरज. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, पटवर्धनांच्या संस्थानांत, तरवारींना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतील फरीदसाहेब यांनीं तंबोरे दुरुस्त करण्यास आरंभ केला व पुढें नवे बनविण्यासही. तरवारीचे दिवस संपत आले होते. हातांतील कसब तेंच राहिलें, फक्त पोलादाचा उपयोग बदलला. त्या घराण्यास सतारमेकर हेंच आडनांव पडलें. भोपळे येतात ते पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनें, भीमेच्या कांठच्या शेतांतून. परळीहून लातूर, कुर्डुवाडी, पंढरपूर असें रेल्वेनें मिरजेला जाणाऱ्या प्रवाशाला हे मळे वाटेवर लागतात, हा एक योगायोग. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालें. मानांकनानें मालाची नक्कल थांबेल अशी आशा करण्यास हरकत नाहीं. गिऱ्हाईक वाढेल कीं नाहीं तें गिऱ्हाइकाच्या कानावर अवलंबून आहे.

मिरजेला कारागीर होते तसे त्यांना चुका दाखविणारे कानही होते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनीं तेथें शिष्य तयार केले. विष्णु दिगंबर पलुसकर हे त्यांपैकींच. अब्दुल करीम खां हे मिरजेस येऊन राहिले आणि १९३७ सालीं निवर्तले तोंपर्यंत त्यांचें ठाणें तेथेंच होतें. त्यांच्या गाण्याइतकाच त्यांचा तंबोरा लावण्याचा नाद प्रसिद्ध होता. वाद्यें दुरुस्त करण्याची विद्याही त्यांना अवगत होती. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, जे सरकारी नोकरींतून निवृत्त झाले होते, त्यांनीं बावीस श्रुतींचें मापन करण्यासाठीं याच खांसाहेबांच्या गळ्याचा आधार घेतला. देवलांचें इंग्रजी पुस्तक १९१० सालीं निघालें. त्या कामांत ज्यांनीं लक्ष घातलें ते क्लेमेंट्स हे न्यायाधीश होते, आणि त्यांचा ग्रंथ १९१३ सालचा. त्यांच्या श्रुतींविषयीं विद्वानांत पुढें पुष्कळ वाद झाले. त्या वादांत शिरण्याचें येथें कारण नाहीं. पण गळा, गणित व वाद्य हीं तिन्ही एका ठिकाणीं बसून परस्परांची परीक्षा घेत होतीं, हें दृश्य मोठें मनोहर आहे. खांसाहेबांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांनीं पुढें स्त्रियांचें गाणें प्रतिष्ठित सभागृहांत आणलें, आणि त्याबरोबर लहान आकाराचा जनानी तंबोरा मध्यम वर्गाच्या घरांत मानानें शिरला. परळीच्या माजघरांतील तो पांच खुंट्यांचा तंबोरा बहुधा याच लाटेबरोबर आलेला असावयाचा.

निषादाची तार लावतांना सर्वांत मोठा धोका पेटीचा असतो. घरांत पेटी असते, म्हणून तिच्या पट्टीशीं तार मिळविण्याचा मोह होतो. पंचमाच्या बाबतींत तें चालून जातें, कारण पेटीचा पंचम खऱ्या पंचमापासून फार दूर नाहीं. परंतु पेटींत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात, आणि त्यांत निषाद बराच चढा येतो, कोमल धैवत उतरा येतो. रेडिओनें १९४० सालीं पेटीला बंदी केली होती व ती १९७१ पर्यंत टिकली. त्या बंदीमागें इतर कारणांबरोबर हेंही एक होतें. पेटीवरचा तो राग आतां निवळला आहे, आणि साथीचें वाद्य म्हणून तिचें स्थान कोणी काढून घेऊं नये. तंबोरा लावण्यापुरतें मात्र तिला षड्जापलीकडे विचारूं नये.

मग निषाद मिळवावा कसा? पंचमाची तार आधीं निर्दोष लावावी. नंतर ती छेडून तिच्यांतून निघणाऱ्या निषादाकडे कान द्यावा, आणि लगेच निषादाची तार छेडावी. दोन्हींत किंचित् फरक असेल तर आवाज लाटेसारखा वर-खालीं होतो. काळी एक सुराच्या तंबोऱ्यांत निषाद पेटीप्रमाणें लाविला तर ही लाट एका सेकंदांत तीन-चार वेळां येते. तारेखालील मणी हळूहळू सरकवावा. लाट मंद होत जाते, लांबते, आणि एका क्षणीं नाहींशी होते. तो क्षण ओळखतां आला कीं पेटीची गरज उरत नाहीं. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना ही गोष्ट मोठ्या माणसांपेक्षां लौकर साधते, कारण त्यांच्या कानांत पेटीचा निषाद अजून घट्ट बसलेला नसतो.

मराठवाड्याच्या हवेचाही विचार केला पाहिजे. परळीला एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांवर जातो. तारा उष्णतेनें लांबतात व सूर उतरतो. परंतु सगळ्या सारख्या उतरत नाहींत. खर्जाची पितळी तार सर्वांत अधिक उतरते, कारण पितळ पोलादापेक्षां अधिक प्रसरण पावतें आणि ती तार कमी ताणलेली असते. जोडी सर्वांत कमी हलते. पंचम व निषाद एकाच धातूचे असतील तर पंचम अधिक उतरतो. म्हणून उन्हाळ्यांत तंबोरा हातीं घेतला कीं आधीं खर्ज तपासावा. कोरड्या हवेंत लांकूड आंकसतें आणि खुंट्या सैल होऊन घसरतात. खुंटीला थोडा खडू घासला तर ती धरते. पावसाळ्यांत उलट घडतें. खुंटी फुगून बसते, आणि जोर केला तर दांडीला तडा जाण्याची भीति असते. तेव्हां ती थोडी बाहेर ओढून मगच फिरवावी. भोपळा तर उन्हाळा-पावसाळा दोन्हींत जपावा लागतो. त्याला एकदां चीर गेली कीं ती सांधतां येते, पण आवाज पहिल्यासारखा राहीलच असें नाहीं.

विजेवर चालणाऱ्या तंबोऱ्याच्या पेट्या निघाल्याला बरींच वर्षें झालीं, आणि आतां तर तेंच काम फोन करितो. ते निरुपयोगी आहेत असें म्हणणें अन्यायाचें होईल. प्रवासांत, भाड्याच्या एका खोलींत, सकाळीं पांच वाजतां शेजाऱ्यांना न उठवितां रियाज करणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांचा मोठा आधार आहे. परंतु त्यांतील एक कळ दाबली कीं पंचमाचा मध्यम होतो, दुसरी दाबली कीं निषाद होतो. ताण वाढत नाहीं, सूत सरकत नाहीं, लाट ऐकावी लागत नाहीं. सूर मिळविण्यांत गेलेली ती पंधरा मिनिटें हाच कानाचा पहिला धडा होता, आणि तो धडा आतां कोणी घेईनासें झालें आहे. गायनाच्या परीक्षांत तंबोऱ्याच्या भागांचीं नांवें लिहावयास सांगतात. भोपळा, तबली, घोडी, दांडी, अटी, खुंट्या, मणी हीं नांवें मुलें अचूक लिहितात. आणि त्यांपैकीं कित्येकांनीं आयुष्यांत एकही खुंटी पिळलेली नसते. जवारी काढणारे कारागीर गांवोगांव नाहींत. गिऱ्हाईक नसलें तर जे आहेत त्यांचीं मुलें दुसरा धंदा धरतील, आणि मग गवसणींतला तंबोरा काढूनही उपयोग होणार नाहीं.

तेव्हां त्या घरच्या मुलीनें काय करावें? पहिले सहा महिने पांचव्या खुंटीवर तार चढवूंच नये. पंचम, जोडी व खर्ज एवढेंच रोज स्वतः लावावें. शिकविणाऱ्या बाईंनीं खुंटी हातीं घेऊं नये, चूक तेवढी सांगावी. पंचमांतला निषाद कानाला ओळखूं येऊं लागला कीं तीन नंबरांनीं बारीक अशी पोलादी तार दुसऱ्या खुंटीवर चढवावी व यमन गावा. मालकंसाची वेळ पुढें येईल. दिवस संपला कीं कोरड्या फडक्यानें तारा पुसाव्या, नाहींतर बोटांच्या घामानें पोलाद गंजतें. महिना-दोन महिने घर बंद राहणार असेल तर सर्व तारा थोड्या थोड्या उतरवाव्या, म्हणजे तबलीवरचा भार हलका होतो.

आणि तंबोरा जवारीसाठीं मिरजेला पाठवावयाचा झाला, तर तारा काढून पाठवूं नये. ज्या तारा वाजवावयाच्या त्याच चढवून जवारी काढली पाहिजे. बरोबर एक चिठ्ठी बांधून द्यावी: "सूर काळी पांच. पहिली तार पंचम, ३१ नंबर पोलादी. दुसरी निषाद, ३४ नंबर. मध्यमासाठीं ३० नंबरची तार पुडींत वेगळी ठेविली आहे. ती चढवूनही एकदां पाहावें."